वेगाचा उपासक : आयर्टन सेना

फॉर्म्युला वन शर्यतीची मोटार आपण सर्वांनी निदान चित्रात तरी पाहिलेली असते. चारही चाके उघडी, माथ्यावर छप्पर नाही आणि मधल्या अरुंद खाचेत बसलेल्या चालकाचे फक्त डोके वर दिसते. चालकाच्या धडाभोवती कार्बन फायबरचे भक्कम कवच असे. डोक्याला मात्र २०१८ पर्यंत हेल्मेटाखेरीज समोरून कसलाच आडोसा नव्हता. माणसाने खेळासाठी किती धोका पत्करावा आणि तो कोणी ठरवावा, हा प्रश्न मला नेहमी पडतो. तो ज्याच्या जीवनात आणि मृत्यूत सर्वांत तीव्रपणे उभा राहिला, त्या आयर्टन सेनाची ओळख मी येथे करून देणार आहे.

सेनाचा जन्म २१ मार्च १९६० रोजी ब्राझीलमधील साओ पावलो शहरात एका सधन कुटुंबात झाला. तो चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवलेली एक छोटी गाडी करून दिली. तेराव्या वर्षी तो कार्ट गाड्यांच्या शर्यतीत उतरला. दा सिल्वा हे वडिलांचे आडनाव ब्राझीलमध्ये फार आढळते, म्हणून पुढे त्याने आईकडचे सेना हेच नाव लावले. १९८१ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि १९८३ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचा विजेता झाला.

१९८४ साली टोलमन या लहानशा संघातून तो फॉर्म्युला वनमध्ये आला. त्याच वर्षी मोनॅकोच्या मुसळधार पावसात तेराव्या जागेवरून सुरुवात करून त्याने दुसरा क्रमांक मिळवला आणि साऱ्यांचे लक्ष त्याच्याकडे वळले. पुढच्या वर्षी पोर्तुगालमध्ये, पुन्हा पावसातच, त्याने पहिला विजय मिळवला. मॅक्लारेन संघाकडून १९८८, १९९० आणि १९९१ असा तीन वेळा तो जगज्जेता झाला. १६१ शर्यती, ४१ विजय आणि ६५ वेळा आघाडीच्या जागेवरून सुरुवात, असा त्याचा हिशेब आहे.

परंतु मला त्याच्याविषयी कुतूहल वाटते ते या आकड्यांमुळे नव्हे. धोक्याच्या बाबतीत हा माणूस विलक्षण परस्परविरोधी होता. सप्टेंबर १९९० मध्ये स्पेनमधील हेरेझ येथे सरावाच्या वेळी मार्टिन डॉनेली याची गाडी अक्षरशः फुटली आणि तो रस्त्यावर फेकला गेला. सेना तेथे गेला, डॉक्टरांचे काम जवळून पाहिले, आणि नंतर पुन्हा गाडीत बसून त्याने सर्वांत जलद फेरी काढली. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी जपानमधील सुझुका येथे पहिल्याच वळणावर त्याने प्रतिस्पर्धी अ‍ॅलन प्रोस्ट याच्या गाडीला धडक दिली. मागून साऱ्या गाड्या भरवेगात येत होत्या. दोघेही बाहेर पडले आणि अजिंक्यपद सेनाकडे आले. ती धडक हेतुपुरस्सर होती, हे त्याने पुढच्या वर्षी स्वतःच उघडपणे मान्य केले. या कृत्याचे समर्थन करणे मला शक्य नाही.

हाच सेना १९९२ साली बेल्जियममधील स्पा येथे निराळा दिसतो. सरावात एरिक कोमास याची गाडी आदळली आणि तो बेशुद्ध पडला. इंजिन चालूच होते आणि आग लागण्याचा धोका होता. सेनाने आपली गाडी थांबवली, चालू रस्ता ओलांडून तो धावत गेला, इंजिन बंद केले आणि मदत येईपर्यंत कोमासचे डोके स्थिर धरून ठेवले.

१९९४ मध्ये तो विल्यम्स संघात गेला. ३० एप्रिल रोजी इटलीतील इमोला येथे ऑस्ट्रियाचा रोलांड रॅट्झेनबर्गर पात्रता फेरीत मृत्युमुखी पडला. सेना तडक अपघाताच्या जागी गेला. शर्यतींचे प्रमुख डॉक्टर सिड वॉटकिन्स हे त्याचे मित्र. त्यांनी त्याला आता हा खेळ सोडून दे असे सुचवले. त्याला ते जमण्यासारखे नव्हते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सुरक्षिततेसाठी चालकांची संघटना पुन्हा उभारण्याविषयी सहकाऱ्यांशी त्याचे बोलणे झाले. त्याच दुपारी, १ मे रोजी, सातव्या फेरीत टांबुरेलो वळणावर त्याची गाडी सरळ भिंतीवर गेली. आघाताने पुढचे चाक व त्याला जोडलेले भाग मागे येऊन त्याच्या डोक्यावर आदळले. हेल्मेट अपुरे पडले. तो ३४ वर्षांचा होता. गाडीत ऑस्ट्रियाचा एक ध्वज सापडला. रॅट्झेनबर्गरच्या स्मरणार्थ तो फडकवण्याचा त्याचा विचार होता. ब्राझीलने तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला.

चालकांची संघटना त्याच महिन्यात मोनॅको येथे पुन्हा उभी राहिली. टांबुरेलोचे वळण बदलले गेले, चालकाच्या खाचेच्या कडा उंच व मऊ केल्या गेल्या, आणि २००३ पासून मानेला आधार देणारे साधन सक्तीचे झाले. तरीही समोरून डोके उघडेच होते. २००९ मध्ये हेन्री सर्टीस हा अठरा वर्षांचा तरुण सुटून आलेले चाक डोक्यावर बसून मरण पावला. अखेर २०१८ मध्ये ‘हेलो’ नावाची टायटॅनियमची कमान फॉर्म्युला वनमध्ये सक्तीची झाली. तेव्हा वाद मोठा झाला. गाडी विद्रूप दिसते, खेळाचा स्वभावच नष्ट होतो, अपघातानंतर बाहेर पडणे कठीण होईल, असे आक्षेप होते. नीकी लाउडा यांच्यासारखा आगीतून वाचलेला जगज्जेताही विरोधात होता. विरोध करणाऱ्यांपैकीच रोमां ग्रोझां हा २०२० साली बहारीनमध्ये लोखंडी कठडा फोडून गेलेल्या जळत्या गाडीतून जिवंत बाहेर आला, तो या कमानीमुळे.

ही कमान असती तर सेना वाचला असता काय? ती मुख्यतः चाकासारख्या मोठ्या वस्तूंसाठी आहे. लहान तुकडा तिच्यातून आत येऊ शकतो. तेव्हा खात्रीने उत्तर देता येणार नाही. परंतु वादाचे मूळ मला वेगळ्या ठिकाणी दिसते. ओल्या वळणावर किती वेग ठेवायचा, हा धोका चालक आपल्या कौशल्यावर विसंबून पत्करतो, आणि तोच या खेळाचा प्राण आहे. उडून आलेल्या चाकापुढे कौशल्याचे काय चालणार? असा धोका काढून टाकल्याने शौर्य कमी होत नाही. सुझुकाला सेनाने स्वतःबरोबर इतरांचाही जीव पणाला लावला. स्पा येथे त्याने दुसऱ्याचे डोके हातात धरले. आपल्यापुरता धोका आणि दुसऱ्यावर लादलेला धोका यांतील अंतर त्याच्या चरित्राइतके स्पष्टपणे मला अन्यत्र आढळले नाही. म्हणून वेगाचे फारसे आकर्षण नसणाऱ्यांनीही ते अवश्य वाचावे, असे मला वाटते.