कोंबड्याचा तुरा आणि रक्तातला निरोप

खोंड खच्ची केला की त्याचा बैल होतो, मस्ती उतरते आणि तो मुकाट्याने औताला चालतो, हे शेतकऱ्याला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा कोमेजतो, हेही युरोपातल्या कोंबड्या पाळणाऱ्यांना माहीत होते. पण वृषण पोटात आणि तुरा डोक्यावर. या दोहोंचा संबंध जुळतो तरी कसा? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने मिळवणारे शास्त्रज्ञ म्हणजे आर्नोल्ड आडोल्फ बेर्टोल्ट.

बेर्टोल्ट यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८०३ रोजी जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतातील सोस्ट या गावी झाला. गॉटिंगेन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८२३ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे तेथेच अध्यापन करू लागले. १८३४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बन्सन यांच्यासमवेत त्यांनी सोमलाच्या विषबाधेवर लोहाच्या संयुगाचा उतारा शोधून काढला. तरीही त्यांचे नाव आज घेतले जाते ते सहा कोंबड्यांमुळे.

२ ऑगस्ट १८४८ रोजी त्यांनी दोन-तीन महिन्यांच्या सहा नरांवर शस्त्रक्रिया केली. दोघांचे दोन्ही वृषण काढून टाकले. दुसऱ्या दोघांचा एक वृषण काढला आणि दुसरा मूळ जागेपासून सोडवून पोटातच राहू दिला. उरलेल्या दोघांच्या वृषणांची आपसात अदलाबदल करून एकाचा वृषण दुसऱ्याच्या आतड्यांलगत ठेवला. पहिले दोघे अपेक्षेप्रमाणे निस्तेज झाले. त्यांचा तुरा वाढला नाही आणि आवाजही नरासारखा राहिला नाही. बाकीचे चौघे मात्र ऐटीत आरवू लागले, इतर नरांशी झुंजू लागले, कोंबड्यांच्या मागे लागू लागले. नंतर तपासणी केली तेव्हा रोपलेल्या वृषणांना नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या आढळल्या. जुन्या मज्जातंतूंचा संबंध मात्र कायमचा तुटला होता. तेव्हा हा निरोप मज्जातंतूंमार्फत जात नसून वृषणातून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरात पोहोचतो, हा निष्कर्ष उघड होता.

१८४९ मध्ये त्यांनी तो अवघ्या काही पानांच्या निबंधात मांडला. अंतःस्रावी ग्रंथींच्या शास्त्राचा पाया या पानांत होता. पण त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. त्याच विद्यापीठातील नामवंत प्राध्यापक रुडॉल्फ वाग्नर यांनी असे प्रत्यारोपण करून पाहिले, ते फसले आणि मूळ निष्कर्षच संशयास्पद ठरला. बेर्टोल्ट यांनीही हा धागा पुढे नेला नाही. ३ जानेवारी १८६१ रोजी गॉटिंगेनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा निबंध जवळपास विस्मृतीत गेला होता.

१९०५ मध्ये इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी रक्तातून जाणाऱ्या अशा दूतांना हार्मोन हे नाव दिले. त्यानंतर बेर्टोल्ट यांच्या कोंबड्यांची जगाला पुन्हा आठवण झाली. १९३५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळे करण्यात आले आणि त्या अदृश्य निरोप्याची ओळख पटली.

आज एखादा वळू, बोकड वा घोडा माजावर का येतो, हे समजावताना पशुवैद्यक ज्या ज्ञानाचा आधार घेतात, त्याचे मूळ त्या सहा कोंबड्यांत आहे. दुसऱ्याला प्रयोग साधला नाही, म्हणून पहिल्याचे खोटे ठरत नाही. बेर्टोल्ट यांना मात्र हा न्याय मिळायला अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.