श्रद्धावान शोधक : धर्मानंद कोसंबी

गोव्यातील साखवाळ येथे 9 ऑक्टोबर 1876 रोजी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांना एका मराठी मासिकातील बुद्धचरित्राने भारून टाकले. बौद्ध धर्माचे ज्ञान मिळवायचे, या एकाच ध्यासाने त्यांनी 1899 मध्ये घर सोडले. मागे पत्नी व लहानगी मुलगी होती. जवळ ना पैसा, ना कोणाचा आधार. पुणे, काशी, नेपाळ असे भटकत ते 1902 मध्ये श्रीलंकेत पोहोचले, तेथे प्रव्रजित झाले आणि पाली शिकले.

इतक्या उत्कट श्रद्धेचा मनुष्य परंपरेने सांगितलेले सारे निमूटपणे स्वीकारील, असे वाटणे साहजिक आहे. धर्मानंदांनी तसे केले नाही. पुढे गृहस्थाश्रमात परतून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविणाऱ्या या पंडिताने प्रत्यक्ष बुद्धचरित्रच तपासावयास घेतले.

वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून सिद्धार्थ मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोसंबींनी ती पाली सुत्तांशी ताडून पाहिली. महापदान सुत्तात हा प्रसंग विपस्सी बुद्धाचा आहे. अरियपरियेसन सुत्तानुसार गोतमाने आईवडील रडत असताना गृहत्याग केला. अत्तदंड सुत्तात, परस्परांशी झगडणारी माणसे पाहून वाटलेल्या भयाचा उल्लेख आहे. त्यावरून, शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह गृहत्यागाच्या मुळाशी असावा, असे त्यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांडले.

परमपूज्य बाबासाहेबांनाही पारंपरिक कथा बुद्धीला न पटणारी वाटली. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 साली प्रकाशित झालेल्या त्यांच्या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण रोहिणीच्या पाण्याचा तंटा हेच आहे.

या चिकित्सेने कोसंबींची श्रद्धा उणावली नाही. मुंबईच्या परळ भागातील श्रमिकांसाठी त्यांनी बहुजन विहार उभारला. 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. चमत्कार व दंतकथा बाजूला सारल्यावर त्यांच्यापुढे उरले ते माणसांच्या भांडणाने व्यथित झालेले तथागत. आणि त्यांच्यासाठीच आयुष्य वेचावे असे त्यांना वाटले.

आमची मुले सायंकाळी त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि दिवसा वर्गात प्रत्येक गोष्टीचे कारण विचारतात. उद्या त्यांपैकी कोणी बुद्धचरित्रातील एखादा प्रसंग खरा कशावरून, असे विचारील. पालकांनो, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. त्याच्या शेजारी बसून आपणही सुत्त उघडू या.