लुई ब्रेल : अंध तरुणांचा अंध शिक्षक



वांद्रे स्टेशनवर पांढरी काठी घेतलेला एखादा तरुण दिसला की आपण पटकन त्याचा हात धरतो. हेतू चांगला असतो. पण मदत हवी आहे का, हे त्याला विचारायचे राहून जाते. लुई ब्रेल यांचे जीवन नेमके याच बाबतीत आपल्याला काही शिकवते.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या खेड्यात झाला. वडील घोड्यांचे खोगीर व लगाम बनवत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या खोलीत खेळत असताना धारदार हत्यार त्याच्या डोळ्याला लागले. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही संसर्ग झाला आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पूर्णपणे गेली.

आईवडिलांनी त्याला घरात बसवून ठेवले नाही. वडिलांनी काठी करून दिली, लाकडात खिळे ठोकून अक्षरांची ओळख करून दिली. गावचे धर्मगुरू फादर पालुई यांनी त्याला शिकवले. तो गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसू लागला. १८१९ साली, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या संस्थेत दाखल झाला.

तिथे पुस्तके होती, पण ती नेहमीच्याच अक्षरांचे उठाव काढून केलेली. डोळ्यांना ती सहज वाचता येत. बोटांना मात्र एकेक अक्षर चाचपावे लागे. पुस्तके अतिशय जड होती, आणि या पद्धतीने मुलांना स्वतः लिहिणे जवळपास अशक्यच होते. म्हणजे साधन अंधांसाठी, पण सोय डोळसांची!

१८२१ साली चार्ल्स बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची उठावदार ठिपक्यांची पद्धत संस्थेत आली. तिच्यात एका आकृतीला बारा ठिपके लागत. ते बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नसत. लुईने त्यावर चिकाटीने काम केले आणि १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, फक्त सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. त्यातून ६३ आकृत्या होतात. अक्षरे, अंक आणि संगीताचे स्वरही त्यात लिहिता येतात. १८२९ साली ही पद्धत पुस्तकरूपाने आली.

पुढे लुई त्याच संस्थेत शिक्षक झाले. ते उत्तम ऑर्गनवादक होते व पॅरिसमधील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. आपल्या विद्यार्थ्यांना घरच्या डोळस माणसांना वाचता येईल असे पत्र स्वतः लिहिता यावे, म्हणून १८३९ साली त्यांनी आणखी एक पद्धत काढली.

पण ब्रेल लिपीला विरोध झाला. अंधांची लिपी वेगळी असली तर ते समाजापासून तुटतील, असे काही डोळस शिक्षकांना वाटे. १८४० नंतर नव्या संचालकांनी तिच्यावर बंदी घातली. विद्यार्थ्यांनी मात्र ती सोडली नाही; ते गुपचूप लिहीत राहिले. अखेर १८४४ साली संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाला या लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

क्षयाने जर्जर झालेले लुई ६ जानेवारी १८५२ रोजी, प्रकटीकरणाच्या सणादिवशी, पवित्र साक्रामेंते स्वीकारून प्रभूघरी गेले. वय अवघे ४३. दोन वर्षांनी, १८५४ साली, फ्रान्सने त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता दिली.

आपल्या मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनरी ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. तीच आज दादरची कमला मेहता अंध शाळा. १९५१ साली भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल आली आणि मराठीही याच सहा ठिपक्यांत लिहिली जाऊ लागली. २००३ साली सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र उभे राहिले. आज बोलणारे संगणक व मोबाइल आले आहेत. तरी शुद्धलेखन, गणित व संगीत स्वतः वाचून शिकण्यासाठी ब्रेल लागतेच.

आपल्याला काय करता येईल? स्टेशनवर आधी विचारावे, आणि हो म्हटले तर हात ओढण्याऐवजी आपला कोपर पुढे करावा. परीक्षेच्या वेळी लेखनिक म्हणून बसावे. आणि आपल्या धर्मग्रामात ब्रेल जाणणारा एखादा तरुण असेल, तर रविवारच्या मिस्साचे पहिले वाचन त्याला ब्रेलमध्ये मिळवून द्यावे. वाचेल तो स्वतः.