भुकेचे माप शोधणारा संख्याशास्त्रज्ञ

कोल्हापुरातील गंगावेशीच्या तालमीत पहाटेपासून जोर-बैठका काढणारा मल्ल, शाहूपुरीतील गुळाच्या पेढीवर हिशेब लिहिणारा दिवाणजी आणि इचलकरंजीत रात्रपाळीला यंत्रमाग चालविणारा कामगार, या तिघांच्या ताटांतील अन्न तोलून त्याची सरासरी काढली, तर आकडा समाधानकारक येण्याची शक्यता आहे. मल्लाच्या खुराकातील दूध, तूप आणि थंडाई त्या सरासरीला वर उचलून धरील. पण मल्लाच्या पोटात गेलेल्या दुधाने यंत्रमाग कामगाराची भूक भागत नाही. सरासरी तृप्त दिसते आणि तिच्या आड एखादा माणूस अर्धपोटी राहून जातो. मग उपाशी कोण, हे ठरवायचे कसे? आयुष्याची उमेदीची वर्षे या एका प्रश्नासाठी वेचणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. खटाव तालुक्यातील हा भाग पावसाच्या लहरीवर जगणारा. पाऊस चुकला की ज्वारी-बाजरीचे पीक हातचे जाते, हे तेथील प्रत्येक घराला ठाऊक असते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि उच्च शिक्षणासाठी लंडनला गेले. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्या काळी आधुनिक संख्याशास्त्राची पायाभरणी सुरू होती. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन यांच्यासारखे धुरंधर तेथे होते. थोडे निवडून त्यावरून सर्वांविषयी विश्वासाने सांगता येईल अशी नमुना पाहणी कशी करावी, या विषयाने सुखात्मे यांना त्याच वेळी ओढून घेतले. १९३६ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली, तर १९३९ मध्ये डी. एस्सी.

पैसेवारीकडून पीक कापणीकडे

भारतात परतल्यावर काही काळ कोलकात्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत अध्यापन करून १९४० मध्ये ते कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले. देशात धान्य किती पिकते, याचा अंदाज तेव्हा प्रामुख्याने नजरेवर चाले. महसूल खात्याचा माणूस शेताच्या बांधावर उभा राहून यंदाचे पीक किती आणे आहे, हे सांगत असे. आपल्याकडे पैसेवारी या शब्दात ती पद्धत अद्याप जिवंत आहे. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली आणि देशातील धान्याचा हिशेब बिनचूक असणे हा केवळ कागदी कामकाजाचा विषय उरला नाही.

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. व्ही. जी. पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत उभी केली. गावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडायची, गावातील शेते तशीच निवडायची, शेतात दोरीने तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे. गव्हासारख्या पिकासाठी ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग एवढा तुकडा ते घेत.

तुकडा केवढा असावा, यावरून प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. महालनोबिस काही फूट व्यासाच्या लहान वर्तुळांनी काम भागवीत. त्यात खर्च कमी आणि वेग अधिक होता. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष प्रयोगांतून दाखविले, की तुकडा लहान असला म्हणजे कापणाऱ्याचा हात कडेवरची रोपे नकळत आत ओढतो आणि उत्पन्न फुगलेले दिसते. माप घेण्याच्या पद्धतीतच चूक असेल, तर हजार ठिकाणी मापे घेऊनही ती जात नाही. हा धडा पुढे माणसाच्या ताटापर्यंत पोहोचायचा होता.

शेतातून ताटापर्यंत

१९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची सूत्रे सुखात्मे यांच्याकडे आली. संघटनेचे मुख्यालय त्याच वर्षी वॉशिंग्टनहून रोमला हलले होते. तेथे त्यांनी सुमारे दोन दशके काढली.

जगात भुकेले किती, याविषयी त्या काळी मोठमोठे आकडे फिरत होते. या संघटनेचे पहिले महासंचालक आणि नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी लॉर्ड बॉइड ऑर यांच्या मते जगातील दोन-तृतीयांश लोक उपासमार सोसत होते. भावना योग्य होती, पण हिशेब कच्चा होता. देशाचे धान्योत्पादन घ्यायचे, त्यात आयात मिळवायची, निर्यात, बियाणे, जनावरांचे खाद्य आणि नासाडी वजा करायची आणि उरलेल्या धान्याला लोकसंख्येने भागायचे, ही राष्ट्रीय अन्न ताळेबंदाची रीत. तिच्यातून दरडोई उष्मांक मिळतात. ते गरजेपेक्षा कमी भरले की सारा देशच भुकेला ठरे.

दुसरी रीत घरोघरी जाण्याची. पाहणी करणारा स्वयंपाकापूर्वी पीठ, डाळ, भाजी तोलतो, किंवा ठरावीक मापाच्या वाट्या दाखवून काल कोणी किती खाल्ले, हे घरातील बाईला विचारतो. मग आहारमूल्यांच्या कोष्टकांवरून त्याचे उष्मांक आणि प्रथिने काढली जातात. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३५० उष्मांक आणि १० ग्रॅम प्रथिने, असा तो हिशेब. अशी भारतीय कोष्टके कुन्नूरच्या प्रयोगशाळेने १९३७ मध्ये प्रसिद्ध केली होती. या रीतीतही खाचखळगे आहेत. कालचे जेवण नीट आठवत नाही. पाहुण्यापुढे कमीपणा नको म्हणून भाकरी एखादी वाढते. शेतमजुराला मालकाच्या घरी मिळालेले जेवण मालकाच्या धान्यखर्चात नोंदले जाते आणि मजूर आहे त्याहून अधिक उपाशी दिसतो.

सुखात्मे यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे जागतिक भुकेवरील आपला निबंध मांडला. ताळेबंदातून मिळणारी सरासरी आणि घरोघरच्या पाहण्यांतून दिसणारी विषमता त्यांनी एकत्र जोडली. सरासरी किती, एवढेच न पाहता सरासरीच्या दोन्ही बाजूंना माणसे किती पसरली आहेत, हे त्यांनी पाहिले. दुसरा मुद्दा गरजेचा. धडधाकट माणसांचीही गरज सारखी नसते. सरासरी गरज हीच भुकेची रेषा मानली, तर पुरेपूर जेवणाऱ्या समाजातलीही जवळपास निम्मी माणसे उपाशी मोजली जातील, कारण त्यांची गरजच सरासरीहून कमी असते. म्हणून रेषा सामान्य गरजेच्या खालच्या टोकाला हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

या पद्धतीने जगातील १० ते १५ टक्के लोक पोटभर अन्नाला मुकलेले आणि जवळपास निम्मे लोक भूक किंवा कुपोषण यांपैकी कशाने तरी ग्रासलेले ठरले. दोन-तृतीयांश हा आकडा मागे पडला. भूक कमी ठरविली, असे काहींना वाटले. पण हा आकडा कसा काढला, हे कोणालाही तपासता येत होते. या कार्यासाठी सोसायटीने १९६३ मध्ये त्यांना गाय पदक दिले. भारत सरकारने १९७१ मध्ये पद्मभूषणने त्यांचा गौरव केला.

प्रथिनांच्या प्रश्नावरही त्यांनी प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. साठच्या दशकात गरीब देशांत प्रथिनांची तीव्र टंचाई असल्याचा गाजावाजा झाला होता आणि प्रथिनयुक्त खास पदार्थ बनविण्याच्या योजना आखल्या जात होत्या. भारतीय आहाराचे आकडे तपासून सुखात्मे यांनी दाखविले, की भाकरी-डाळीचे साधे जेवण पोटभर मिळाले, तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातूनच भागते. जेवणच अपुरे असेल, तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. पुढे जगाने हे मत बऱ्याच अंशी मान्य केले.

पुण्यातील वाद

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेत काम करू लागले. तेथून जवळच असलेल्या गोखले संस्थेत डॉ. वि. म. दांडेकर होते. तेही साताऱ्याचे आणि तेही संख्याशास्त्रात मुरलेले. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दररोज दरडोई २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही त्यांची रेषा होती. तिच्याखाली ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत निम्म्याहून थोडे अधिक लोक सापडले.

सुखात्मे यांना ही रेषा मान्य नव्हती. कॅलिफोर्नियातील डॉ. शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. एकाच निरोगी माणसाचे खाणे, त्याचे काम आणि वजन तेच असूनही, दिवसागणिक आणि आठवड्यागणिक कमी-जास्त होते. शरीर ठरावीक मर्यादेत अन्नाचा वापर कमी-अधिक काटकसरीने करते आणि तोल राखते, असे त्यांनी मांडले. त्यामुळे सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित नसतो. या हिशेबाने भुकेल्यांचे प्रमाण बरेच खाली आले.

दांडेकरांनी आकडेमोडीनेच उत्तर दिले. एका माणसातील दिवसागणिकचे चढउतार अनेक माणसांच्या कुटुंबात आणि मोठ्या कालावधीत एकमेकांना भरून काढतात, तेव्हा कुटुंबांच्या आकड्यांवर ही सूट लावता येणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांचा आक्षेप अधिक बोचरा होता. अपुऱ्या अन्नाशी शरीर जुळवून घेते, पण त्याची किंमत खुरटलेल्या वाढीने आणि घटलेल्या कामाने चुकवते. त्या तडजोडीला आरोग्य म्हणणे घातक आहे, असे त्यांचे मत होते. हा वाद अनेक वर्षे चालला. त्यात रेषा थोडी वर-खाली सरकली की कोट्यवधी माणसे मदतीच्या यादीत येत किंवा यादीबाहेर जात होती.

आपल्या मांडणीतून गरिबांच्या ताटात काटकसर व्हावी, असा सुखात्मे यांचा हेतू नव्हता. सतत जुलाब आणि जंतुसंसर्ग होणाऱ्या मुलाला खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. म्हणून धान्याइतकेच स्वच्छ पाणी, शौचालये आणि आरोग्यसेवा यांवर लक्ष द्यावे, असा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. मात्र शास्त्रज्ञाने काढलेली रेषा एकदा सरकारी फाइलीत गेली की तिचा वापर त्याच्या हातात राहत नाही. टीकाकारांची भीती होती ती याचीच, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

जानेवारी १९९७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. दांडेकर १९९५ मध्येच गेले होते. वाद मात्र संपलेला नाही. प्रा. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये दारिद्र्यरेषेची उष्मांकांशी बांधलेली गाठ सैल केली. अन्न व कृषी संघटना जगातील उपाशी लोकांची संख्या दरवर्षी जाहीर करते. त्या गणिताचा पाया अद्याप सुखात्मे यांच्या १९६१ च्या मांडणीवर उभा आहे. ती रेषा फार खाली आहे, हा आक्षेपही अजून घेतला जातो. केवळ उष्मांकांनी भागत नाही, ताटात डाळ, भाजी, दूध, फळे किती, हेही पाहिले पाहिजे, हा विचार आता रुजला आहे.

देशाची कोठारे भरली म्हणून प्रत्येक घरातील चूल पेटलीच असेल, असे नाही. हे जुने शहाणपण सुखात्मे यांनी गणिताच्या भाषेत मांडले आणि ते मोजण्याची रीत जगाला दिली. बुधच्या माळावरून निघालेल्या या माणसाने सरासरीच्या आड दडलेल्या उपाशी माणसाला हिशेबात आणले. त्याला नेमके कोणत्या रेषेवर शोधायचे, यावर मतभेद राहतील. पण त्याला शोधल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, हे आता कोणी नाकारीत नाही.