सेल्बर्नचे पाळक गिल्बर्ट व्हाईट

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे त्यांत लढाया, समुद्रपर्यटनें, राजसभा, तुरुंगवास असें कांहींतरी सांपडतेंच. आज ज्यांचें चरित्र आम्ही बालवाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांच्या आयुष्यांत यांपैकीं एकही गोष्ट घडली नाहीं. घोड्यांच्या गाडींत बसले कीं त्यांस मळमळूं लागे. म्हणून जो प्रवास करणें भाग पडे तो ते घोड्यावर बसून करीत. ज्या गांवीं जन्म, त्याच गांवीं मरण. उभ्या जन्मांत एकच मोठें पुस्तक लिहिलें, आणि तें प्रसिद्ध झालें तेव्हां वय अडुसष्ट वर्षांचें. तरी तेंच पुस्तक लहानपणीं वाचून चार्ल्स डार्विन पक्ष्यांच्या संवयी टिपूं लागला.

गिल्बर्ट व्हाईट यांचा जन्म इंग्लंडांतील हँपशायर परगण्यांत, सेल्बर्न या खेड्यांत, 18 जुलै 1720 रोजीं झाला. त्यांचे आजोबा त्या गांवचे पाळक होते व त्यांचेंही नांव गिल्बर्टच. गांवाच्या पाठीशीं खडूच्या मातीची टेंकडी असून तिच्या उतारावर बीच नांवाच्या झाडांची दाट राई आहे. पुढें 1753 सालीं व्हाईट व त्यांचे बंधु जॉन यांनीं त्या टेंकडीवर चढण्यास नागमोडी पायवाट खोदविली. ती अद्याप आहे.

ऑक्सफर्ड येथील ओरियल कॉलेजांतून 1743 सालीं ते पदवीधर झाले व लौकरच त्याच कॉलेजाचे फेलो निवडले गेले. 1757 सालीं त्या कॉलेजाचें मुख्य पद रिकामें झालें असतां ते उमेदवार म्हणून उभे राहिले, पण पद दुसऱ्यास मिळालें. सेल्बर्नचे मुख्य पाळक होणें तर त्यांस शक्यच नव्हतें. कारण ती नेमणूक मॉडलिन कॉलेजाच्या हातीं, आणि हे ओरियलचे! इतरत्र चांगल्या जागा चालून आल्या, त्या त्यांनीं नाकारल्या. शेजारच्या फॅरिंगडन गांवीं आणि शेवटलीं वर्षें सेल्बर्न येथें ते क्युरेट, म्हणजे दुय्यम पाळक, म्हणूनच राहिले. एक गोष्ट मात्र आम्हांस रुचत नाहीं, ती लपवीत नाहीं. नॉर्थँप्टनशायरमधील मॉर्टन पिंकनी येथील पाळकपद त्यांच्या नांवें होतें. तेथील काम ते दुसऱ्याकडून करवीत आणि उत्पन्न स्वतः घेत. त्या काळीं ही रीत सर्रास होती, एवढेंच त्यांच्या बाजूनें म्हणतां येईल.

एवढें शिकून हा मनुष्य खेड्यांत परत आला, लग्न केलें नाहीं, नांवलौकिकाची जागा धरली नाहीं. आमच्या पालकवर्गापैकीं पुष्कळांस हें पाहून हळहळ वाटेल. त्यांच्या आप्तांपैकीं कोणास तसें वाटलें असल्यास नवल नाहीं. त्यांनीं तेथें केलें काय, तें आतां सांगतों.

1751 सालापासून त्यांनीं आपल्या बागेची रोजनिशी ठेवण्यास आरंभ केला. खताच्या उबेवर काकड्या व खरबुजें वाढविणें, कोणतें बीं कोणत्या दिवशीं टाकलें, पहिलें फळ केव्हां आलें, असा तो साधा हिशेब असे. पुढें 1768 सालीं बॅरिंग्टन या न्यायाधीश मित्रानें छापील रकान्यांची एक वही त्यांस दिली. वारा, पाऊस, उष्णतामान, हवेचा दाब, कोणत्या झाडास पालवी फुटली, कोणता पक्षी प्रथम दिसला, हें सर्व त्या रकान्यांत भरावयाचें. असल्या वह्या पुष्कळ लोक जानेवारींत सुरू करतात आणि फेब्रुवारींत विसरतात. व्हाईट यांनीं ती पंचवीस वर्षें चालविली! पावशा ओरडला म्हणजे आमचा शेतकरी पाभरीकडे वळतो. ऋतूंचें ज्ञान खेडोपाडीं असतेंच. परंतु तें तारीखवार लिहून ठेवणारा व मागील वर्षांशीं ताडून पाहणारा क्वचितच निपजतो.

या लिहून ठेवण्याचें फळ पाहा. एकाच जातीचे समजले जाणारे लहानसे हिरवट वटवटे पक्षी वस्तुतः तीन निरनिराळ्या जातींचे आहेत, हें त्यांनीं मुख्यतः त्यांच्या गाण्यावरून ओळखलें. गव्हाच्या शेतांत राहणारा इवलासा उंदीर त्यांनींच प्रथम विद्वानांच्या नजरेस आणला. असले दोन उंदीर तराजूंत घातले तर त्यांचें वजन तांब्याच्या अर्ध्या पेनीच्या एका नाण्याएवढें भरे. त्याचें घरटें गव्हाच्या पात्यांचें विणलेलें, क्रिकेटच्या चेंडूएवढें व तसेंच वाटोळें असे. तें मेजावरून गडगडत नेलें तरी आंतील आठ पिलांस धक्का लागला नाहीं. आणि गांडूळ! शेतकरी व माळी ज्यास शत्रु समजत, तो जमीन भुसभुशीत करून पावसाचें पाणी व मुळें खोल जाऊं देतो, आणि तो नसेल तर सृष्टीच्या सांखळींत मोठें भगदाड पडेल, असें त्यांनीं 1777 सालीं लिहिलें. डार्विनचा गांडुळांवरील ग्रंथ निघाला 1881 सालीं.

हें सर्व करीत असतां मंडळीचें काम बाजूस राहिलें होतें असें कोणी समजूं नये. बाप्तिस्मे, लग्नें, प्रेतविधि चालूच होते. 1783 सालीं सेल्बर्न पॅरिशची वस्ती 676 होती, तिचीही त्यांनीं नोंद केली आहे. गरिबांच्या झोंपडींतील दिव्याचा त्यांनीं मांडलेला हिशेब तर आम्हांस त्यांच्या पक्ष्यांइतकाच मोलाचा वाटतो. उन्हाळ्यांत म्हातारीं माणसें व मुलें लव्हाळे गोळा करीत, ते सोलून वाळवीत आणि स्वयंपाकांतून उरलेल्या चरबींत बुडवून त्यांच्या वाती करीत. एका पौंडांत सोळाशें काड्या भरतात हें व्हाईट यांनीं पाहिलें. एक काडी सरासरी अर्धा तास जळते. म्हणजे लव्हाळे व चरबी दोन्ही विकत घेतलीं तरी तीन शिलिंगांत आठशें तास उजेड. एका फार्दिंगला साडेपांच तास! मेणबत्ती अर्ध्या पेनीची, आणि ती दोनच तास पुरे. तरी अगदीं कंगाल लोक रोज संध्याकाळीं तीच घेत, कारण सर्व वर्षाची तजवीज एकदम करण्याची संवय त्यांस नव्हती. गरिबास उपदेश करण्यापूर्वीं त्याच्या घरच्या दिव्याचा खर्च मोजणारे पाळक फार नाहींत.

डिसेंबर 1784 मध्यें फार कडक थंडी पडली. एके रात्रीं सेल्बर्न येथें पारा फॅरनहाइटच्या शून्याखालीं एक अंश उतरला, आणि जवळच उंचावर असलेल्या न्यूटन गांवीं मात्र थंडी अठरा अंशांनीं कमी! उंचावर थंडी अधिक असावयाची, सखल भागांत अधिक कशी? उपकरणांत दोष असेल असें वाटून त्यांनीं तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं. तीं तंतोतंत जुळलीं. थंड हवा जड असते, व वारा पडला असतां ती खोलगट जागेंत सांचते, हें आमचे विद्यार्थी आज वर्गांत शिकतात.

आदल्याच वर्षीं, 1783 च्या जून-जुलैमध्यें, याहून भयंकर प्रकार झाला होता. 23 जूनपासून 20 जुलैपर्यंत आकाश एका विचित्र धुक्यानें भरून राहिलें. भर दुपारीं सूर्य ढगांतील चंद्रासारखा निस्तेज दिसे, जमिनीवर गंजासारखा तांबूस उजेड पडे, आणि मांस दुसऱ्या दिवशीं खाण्याजोगें राहत नसे. खेडूत लोक भिऊन गेले. त्यांच्या पाळकानें त्यांची थट्टा केली नाहीं. सुशिक्षितांसही भीति वाटावी असेंच तें दृश्य होतें, अशी नोंद करून तो रोजच्याप्रमाणें वारा व उष्णतामान लिहीत राहिला. आइसलँडांतील लाकी येथें 8 जून रोजीं जमीन फाटून अग्निप्रलय सुरू झाला होता व त्याची वाफ युरोपभर पसरली होती, हें त्यास कळण्याचा मार्ग नव्हता.

मात्र ज्या प्रश्नानें व्हाईट यांस जन्मभर अस्वस्थ केलें तो निराळाच होता. पाकोळ्या, ज्यांस कोणी भिंगऱ्या म्हणतात, हिंवाळ्यांत जातात कोठें? कित्येक विद्वान् म्हणत कीं त्या बिळांत, नव्हे पाण्याखालींही, निजून राहतात. बॅरिंग्टन यांस पक्षी समुद्र ओलांडतात हें पटत नसे. उलट बंधु जॉन जिब्राल्टर येथें पाळक असतां त्यांनीं पाकोळ्यांचे थवे सामुद्रधुनी ओलांडतांना डोळ्यांनीं पाहिले व तसें कळविलें. भाऊ खोटें लिहिणारा नव्हे. पण नोव्हेंबरांत सगळ्या पाकोळ्या गेल्यावर ऊन पडलें कीं सेल्बर्नमध्यें एखाददुसरी अवचित दिसे, ती कोठून येई? एप्रिल 1781 मध्यें त्यांनीं मजूर लावून टेंकडीवरील झुडुपें व बिळें धुंडाळविलीं. निजलेली पाकोळी एकही मिळाली नाहीं. पण मजूर काम करीत असतांच त्या वर्षींची पहिली पाकोळी गांवांत आली, थेट एका घरट्यांत शिरली, क्षणभर थांबली आणि घरांवरून उडून गेली. झालें, संशय पुन्हा बळावला! मनास हवी ती बाजू तेवढी लिहून दुसरी गाळणें किती सोपें होतें. त्यांनीं दोन्ही बाजूंचे पुरावे छापले. खरें उत्तर पुष्कळ उशिरां मिळालें. 1911 सालीं स्टॅफर्डशायरमध्यें पायांत कडें घातलेली एक पाकोळी डिसेंबर 1912 मध्यें दक्षिण आफ्रिकेंत नाताळ प्रांतीं सांपडली. आमच्याकडे हिंवाळ्यांत तारांवर रांगेनें बसणाऱ्या भिंगऱ्या त्याच जातीच्या. त्या उत्तरेकडून येतात.

व्हाईट यांचीं पत्रें, चव्वेचाळीस पेनंट यांस व सहासष्ट बॅरिंग्टन यांस, त्यांचे बंधु बेंजामिन या पुस्तक-विक्रेत्यानें 1788 च्या अखेरीस प्रसिद्ध केलीं. पुस्तकावर साल 1789 आहे. आमच्या मुलांस त्यांतील टिमथी नांवाचें कासव विशेष आवडेल. तें रिंगमर येथें त्यांच्या आत्याच्या अंगणांत सुमारें चाळीस वर्षें होतें. ती वारल्यावर मार्च 1780 मध्यें व्हाईट यांनीं तें जमिनींतून खणून काढलें आणि घोडागाडींतून ऐशीं मैल दूर आपल्या बागेंत आणलें. एवढें कवच पाठीवर, तरी तें पावसास भारी भिई. पाऊस जवळ आला कीं आडोसा शोधी, म्हणून हवेचा अंदाज घेण्यास तें फार उपयोगी पडे.

रोजनिशींतील शेवटली नोंद जून 1793 च्या मध्याची आहे. त्याच महिन्याच्या 26 तारखेस व्हाईट यांनीं देह ठेवला. देवळाच्या उत्तरेस गवतांत एक लहान दगड आहे. त्यावर नांवाचीं दोन आद्याक्षरें व मरणतिथि, एवढेंच कोरलेलें आहे. टिमथी पुढल्या वसंतांत मेला. त्याचें कवच लंडनच्या संग्रहालयांत जपून ठेवलेलें आहे, आणि तें तपासणाऱ्यांनीं सांगितलें कीं ही कासवी होती.