गणितानंद कै. द. रा. कापरेकर गुरुजी

मोठ्या पदव्या व मोठी पदे असल्यावाचून विद्येत भर घालता येत नाही, असा समज आपल्या समाजात रूढ आहे. तो किती निराधार आहे हे देवळालीच्या एका शाळामास्तरांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून असून त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आठव्या वर्षी मातृवियोग झाला. ठाण्यास शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढील उच्च शिक्षण मात्र घडले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस शिक्षकाची नोकरी केली.

संख्या हेच त्यांचे सोबती. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. १, १२१, १२३२१ अशा चढत्या-उतरत्या अंकांच्या संख्यांचाही त्यांनी अभ्यास केला. मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्थानकात ही कल्पना सुचली, त्याच्या नावावरून त्यांना डेम्लो म्हटले. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग करावा. १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. म्हणजे ही डेम्लो संख्या हर्षदही ठरते!

त्यांना ६१७४ हा स्थिरांक गवसला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करावी व उत्तरावर तीच कृती करीत जावे. ३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२ व मग ६१७४ येते, आणि पुढे ६१७४ च येत राहते. वाटेत तीनच अंक उरले तर आधी शून्य मांडावे. जास्तीत जास्त सात वेळांत हे साधते.

आपल्याकडील अनेक गणितज्ञांनी प्रारंभी या कार्याकडे पोरखेळ म्हणून पाहिले. गुरुजींनी खंत न करता स्वतः पुस्तिका छापून प्रसिद्ध केल्या. १९६६ साली पत्नी निवर्तल्या; निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात शिकवण्या कराव्या लागल्या. अखेर १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले व त्यांची कीर्ती जगभर पसरली. १९८६ साली देवळालीस त्यांचे देहावसान झाले.

परदेशाने गौरविल्यावर आपणांस आपल्या माणसाची ओळख पटावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. रेणापूरच्या आपल्या बंधुभगिनींना एवढीच विनंती, की आज रात्री मुलांना जवळ घेऊन पाटीवर कोणतीही चार अंकी संख्या मांडावी. ६१७४ उमटताच मुलाच्या मुद्रेवर जो हर्ष दिसेल, तेच गुरुजींचे खरे स्मारक होय.