महिना 4 रुपये, काम बॉलिंग

जत्रेतल्या टेनिस बॉल स्पर्धा आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. मोरगाव असो, सुपे असो की बारामतीतलं एखादं मैदान, फायनलच्या दिवशी एखादा बॉलर बाहेरगावाहून आणलेला असतो. त्याचं मानधन आधीच ठरलेलं असतं. त्याची विकेट पडली तरी कुणाला फरक पडत नाही, त्याने विकेट काढल्या की बास. पैसे घेऊन खेळणं म्हणजे काय, हे समजायला एवढं पुरे आहे.

आता सव्वाशेहून जास्त वर्षं मागे जाऊ. याच पुण्यात सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा होता. त्याला महिन्याला 4 रुपये पगार मिळायचा आणि त्या बदल्यात तो गोऱ्या साहेबांना बॉल टाकायचा. फक्त नेटमध्ये. मॅचचा प्रश्नच नव्हता. त्याचं नाव बाळू पालवणकर. क्रिकेटच्या जुन्या स्कोअरकार्डांवर तो पी. बाळू म्हणून सापडतो. भारतीय क्रिकेटमधला पहिला मोठा बॉलर कोण, असा प्रश्न निघाला की जाणकार त्याचंच नाव घेतात. कॉलेजच्या कट्ट्यावर विचारून बघा, दहातल्या नऊ जणांना माहीत नसतो.

बाळूचा जन्म 1876 चा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातल्या पालवणचं, म्हणून पालवणकर. चर्मकार समाजातलं कुटुंब. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने पोरं पुण्यात वाढली. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा लवकर सुटली, कारण घरात पैशांची गरज होती. पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात. काम पिच झाडायचं, रोलर फिरवायचं आणि कधीमधी मेंबरांना बॉल टाकायचं. पगार 3 रुपये.

1892 च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात लागला. इथे 4 रुपये, म्हणजे एक रुपयाची बढती. काम तेच होतं. नेट लावा, पिच तयार करा, आखणी करा. मग एके दिवशी ट्रॉस नावाच्या साहेबाने त्याला बॉलिंग करायला सांगितलं आणि हा ग्राउंड झाडणारा पोरगा काय चीज आहे ते सगळ्यांना कळलं. डावखुरा स्पिनर, बॉल दोन्हीकडे वळवणारा, वेग आणि उंची सारखी बदलणारा.

त्या क्लबचा सगळ्यात भारी बॅट्समन होता कॅप्टन जे. जी. ग्रेग. नाव जॉन ग्लेनी, पण ते उच्चारता उच्चारता आपल्या लोकांनी त्याचं जंगली करून टाकलं, असं सांगतात. (हा माणूस पुढे कॅथलिक पाद्री झाला, पण ती वेगळी गोष्ट.) ग्रेग इतरांच्या आधी तासभर ग्राउंडवर यायचा आणि एकट्या बाळूच्या बॉलिंगवर सराव करायचा. बाळूने त्याला आउट केलं की दर वेळी 8 आणे बक्षीस द्यायचा, अशीही एक गोष्ट आहे. हिशोब करून बघा. महिन्यात आठ वेळा ग्रेगची विकेट काढली की पगार दुप्पट! एवढी रोकड प्रेरणा कुठल्या क्रिकेट अकादमीत मिळणार?

या गोष्टीची दुसरी बाजू मात्र बोचते. पूना क्लबातल्या त्या सगळ्या वर्षांत बाळूने हजारो बॉल टाकले असतील, पण त्याच्या हातात एकदाही बॅट दिली गेली नाही. बॅटिंग साहेबाने करायची आणि घाम गाळणारं काम नोकराने. हे फक्त हिंदुस्थानातच होतं असंही नाही. खुद्द इंग्लंडमध्ये हौशी खेळाडूंना जंटलमन आणि पगारी खेळाडूंना प्लेअर म्हणायचे. दोघांच्या ड्रेसिंग रूम वेगळ्या, मैदानात उतरायची दारंसुद्धा वेगळी. तो भेद तिथे 1962 पर्यंत चालला. आपल्याकडे त्यात गोरा-काळा आणि वर जात.

ती जात लवकरच समोर आली. पुण्यातल्या हिंदू क्लबला पूना क्लबच्या गोऱ्यांना हरवायचं होतं. ग्रेगला रोज त्रास देणारा बॉलर याच शहरात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याला टीममध्ये घ्यायचं का, यावर वाद झाला. क्लबातल्या तेलुगू मेंबरांचं म्हणणं घ्यावं असं होतं, तर काही ब्राह्मण मेंबरांचा विरोध होता. शेवटी घेतलं, कारण जिंकायचं होतं. बाळूने विकेट काढल्या आणि हिंदू टीम जिंकली.

तर टीममध्ये घेतलं म्हणजे काय केलं? मैदानावर सगळ्यांनी एकच बॉल हाताळला. बाळूने टाकलेला बॉल किपरने पकडला, स्लिपने पकडला, परत त्याच्याकडे फेकला. त्यात कुणाला विटाळ झाला नाही. टी-टाइम झाला की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा प्यायचे आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात. भांडं नंतर फेकून द्यायचं. जेवायला त्याचं पान वेगळं, टेबल वेगळं. मघाशी पाच विकेट काढणाऱ्या माणसाला हात-तोंड धुवायला पाणी द्यायचं तर तेही त्याच्याच समाजातल्या नोकराने. मला यात राग येण्याआधी आश्चर्य वाटतं ते त्या नियमांच्या तपशिलाचं. कुणीतरी बसून हे सगळं ठरवलं असेल ना?

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने बाळूचा स्पिन बोथट करायला आठवडाभर पिचवर रोलर फिरवला होता, असं सांगतात. तरी त्याने 7 विकेट काढल्या. अशा विजयांनंतर पुण्यात टीमचे सत्कार झाले. त्यातल्या एका सभेत न्यायमूर्ती रानडे यांनी खेळाडूंचे कान उपटले. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत खायला-प्यायला काय हरकत आहे, असा त्यांचा साधा मुद्दा होता.

1896 च्या सुमारास प्लेगची साथ आली आणि पालवणकर मुंबईला गेले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात ते खेळू लागले. इथेही आधी नाराजी, मग मान्यता. पोटापाण्यासाठी बीबी अँड सीआय रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेत नोकरी. रेल्वेची टीम होती आणि चांगल्या खेळाडूला नोकरी द्यायची पद्धत होती. आजही रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यासाठी धडपडणारी मुलं तुमच्या वर्गात असतील, ती वाट इतकी जुनी आहे.

1906 च्या फेब्रुवारीत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना मुंबईत झाला. हिंदूंनी तो 109 धावांनी जिंकला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं, त्यामुळे शहरभर जल्लोष. त्या टीममध्ये बाळूंसोबत धाकटे शिवरामही होते. वर्तमानपत्रांतून नुसत्या विजयावर नाही, तर अस्पृश्य मानलेल्या भावांसोबत सवर्णांनी खेळणं आणि जेवणं यावरही लिहिलं गेलं.

मग 1911. हिंदुस्थानची पहिली सर्वधर्मीय टीम इंग्लंडला गेली, पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग कर्णधार. महाराजांना क्रिकेटपेक्षा मेजवान्यांत जास्त रस, ते मोजकेच सामने खेळले. टीमची अवस्थाही यथातथाच: 23 सामने, त्यातले 6 जिंकले आणि 15 हरले. या हरणाऱ्या टीममधून पस्तिशीतल्या, खांदा दुखत असलेल्या पालवणकरांनी 114 विकेट काढल्या, सरासरी 18.84. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8. हा माणूस पंचविशीत इंग्लंडला गेला असता तर काय झालं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही. भारताने पहिली टेस्ट खेळली ती 1932 मध्ये, तेव्हा ते 56 वर्षांचे होते.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या कार्यक्रमाच्या तयारीत एक विशीतला तरुण होता, भीमराव आंबेडकर. बाळू पालवणकर तेव्हा त्याचे हिरो होते.

एवढं सगळं होऊनही हिंदू टीमचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. 1913 मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनीच जाहीरपणे सांगितलं होतं की हा मान खरं तर बाळूंचा. म्हणजे चूक दिसत सगळ्यांना होती. 1920 च्या चौरंगी स्पर्धेत तर बाळूंना टीममधूनच वगळलं आणि त्यांचे बॅट्समन भाऊ विठ्ठल यांना कर्णधारपदासाठी डावललं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी सरळ टीम सोडली आणि कारण जातीचं आहे, असं जाहीर निवेदन काढलं. बोंबाबोंब झाल्यावर अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावलं, भाऊही परतले. उपकर्णधार. बस, तेवढंच. त्यानंतर त्यांची कारकीर्द संपली: 33 प्रथम श्रेणी सामने, 179 विकेट, सरासरी 15.21. ही सरासरी आज कुणाची असती तर आयपीएलच्या लिलावात काय झालं असतं, तुम्हीच ठरवा.

निवृत्तीनंतरचा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो. पालवणकर गांधींच्या बाजूचे. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत, ही आंबेडकरांची मागणी त्यांना पटली नाही. 1932 मध्ये येरवड्यात पुणे करार झाला, त्यावर त्यांचीही सही आहे. पुढे 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं. एकेकाळचा हिरो आणि त्याचा एकेकाळचा चाहता समोरासमोर. पालवणकर सुमारे 2 हजार मतांनी हरले. कुणाला वाटेल त्यांचा वापर झाला, कुणाला वाटेल ती त्यांची स्वतःची भूमिका होती. मला दुसरं जास्त खरं वाटतं. आयुष्यभर ज्यांच्यासोबत खेळण्याचा हक्क मिळवला, त्यांच्यापासून वेगळं होणं त्यांना नको असावं.

4 जुलै 1955 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांना न मिळालेलं कर्णधारपद घरात मात्र आलं होतं. 1923 मध्ये हिंदू टीमचे कर्णधार म्हणून विठ्ठल पालवणकर मैदानात उतरले, टीमने युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून बाहेर आणलं.